एका दिवसाच्या शाळेचे बोचके

शके १७८६, रक्ताक्षी नाम संवत्सर, पौष वद्य तृतीया, रविवार. सकाळी मोर्णेवर दाट धुके. काळी म्हैस आज दुसऱ्या दिवशीही दूध देईना. चिरंजीव महादेव कापूस वेचणीसाठी शेतावर गेला, चार दिवस तिकडेच राहील. सूनबाई दोन वेळा रुसली. पहिल्या वेळेचे कारण कळले नाही, दुसऱ्या वेळेचे कळले, ते लिहीत नाही. दुपारी चिंतामणपंत गुरुजी आले. बुधवारी एक दिवस त्यांची शाळा सांभाळाल का, असे विचारले. मी हो म्हणाले. ते गेल्यावर पोटात गोळा उठला. ओवा खाल्ला.

ओवा खाऊनही गोळा हलला नाही. मैनाबाई ओसरीवर बसून राहिल्या आणि आपल्या तोंडून 'हो' कसे निघाले याचे नवल करू लागल्या. वय छप्पन्न. आजवर शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या. त्यांना अक्षरे आली ती चुलीपुढे. यजमानांचे डोळे अधू होत गेले, तेव्हा त्यांनीच चुलीतली राख ताटात पसरून मैनाबाईंचे बोट धरून बाराखडी गिरवून घेतली होती. "माह्या डोयानं तू पाय, माह्या हातानं तू लिही," असे म्हणत. यजमान गेले, पण लिहिण्याची सवय राहिली. गेली अकरा वर्षे रोज संध्याकाळी मैनाबाई बोरू घेऊन बसत आणि दिवसभरात जे जे घडले ते लिहून काढत. काही घडले नाही तर 'आज काही घडले नाही' असे लिहीत, आणि त्याखाली काय काय घडले नाही तेही लिहीत.

चिंतामणपंतांचाही नाइलाज होता. धाकट्या मुलीला दाखवायला बाळापूरला न्यायचे होते आणि मुलाकडच्यांनी बुधवारच धरला होता. एरवी शाळेवर बसायला गावात दहा माणसे मिळाली असती. पण ते दिवस कापसाचे होते. कुठल्याशा दूरच्या मुलखात लढाई चालली होती, तिथला कापूस बंद पडला होता, इथला सोन्याच्या भावाने जात होता, आणि त्यामुळे अकोल्यात माणसे स्वतःच्या उशा उसवू लागली होती. सुनेच्या माहेरी तर लोड-तक्के रिकामे झाले होते आणि पाहुणे भिंतीला टेकून बसत होते. ज्याला ज्याला दोन अक्षरे येत होती तो तो कुठल्या ना कुठल्या वखारीत कारकून झाला होता. देवळातला पुराणिक गेला, कचेरीतला शिपाई गेला, चार महिन्यांपूर्वी 'श्री' काढायला शिकलेला न्हाव्याचा पोरगाही गेला.

"जुन्या शहरात लिहिता-वाचता येणारे आता दोघेच उरलोत, मैनाबाई," पंत म्हणाले होते. "एक मी आणि एक तुम्ही."

"पण गुरुजी, म्या शाळा कधी आतून पायलीच नाई."

"उत्तम झालं. म्हणजे शाळेबद्दल तुमचं मन कलुषित नाही."

"मंग एक दिवस सुट्टीच द्या ना पोराईले."

पंतांनी मान हलवली. सुट्टी देता येत नव्हती, आणि का येत नव्हती ते सगळ्या गल्लीला ठाऊक होते. शाळेची खोली वामनरावांची होती. त्यांचे वडील किसनराव यांनी ती शाळेला दिली, तेव्हा मारुतीच्या पारावर चार माणसांत सांगितले होते की सणवार सोडून रोज सकाळच्या घंटेपासून गुरे घरी येईपर्यंत मुले बसतील तोवर खोली शाळेची. एक दिवस जरी शाळा बसली नाही तरी खोली आमची. किसनराव वारले तेव्हा कापसाला कुत्रे विचारत नव्हते. आता वामनरावांचा कापूस ओसरीत मावेना, माडीवर मावेना, देवघरातही दोन बोचकी गेली होती आणि देव कोनाड्यात सरकले होते. वामनराव रोज सकाळी शाळेवरून जात आणि आत डोकावून मुले मोजत. दिलेला शब्द मोडणारा माणूस नव्हता तो. शब्द आपसूक कधी मोडतो याची वाट मात्र पाहत होता.

म्हणजे बुधवारी शाळा उठली तर खोली गेली. मैनाबाईंच्या पोटातला गोळा हा होता.

भीती वाटली की मैनाबाई तयारीला लागत. सोमवारी पहाटे त्यांनी तयारी सुरू केली. आधी शाई. दिव्यावर मडके उपडे धरून काजळी काढली, त्यात बाभळीचा डिंक घालून खलत बसल्या. मग बारा बोरू तासले. मग बारांतले सात मोडतील असे वाटून आणखी सात तासले. मग धूळपाटीसाठी धूळ चाळायला घेतली.

सून सुभद्रा धुणे घेऊन चालली होती, ती थांबली.

"आत्याबाई, काय करून राहिल्या?"

"धूळ चाळून राहिले."

"घरात चाळायची का घरातून बाहेर काढायची?"

"शाळेत न्यायची. धूळपाटीवर पोरं गिरवतील."

सुभद्रेने धुण्याची बादली खाली ठेवली. "अकोल्यात धूळ घरून न्यावी लागते? रस्त्यानं चाललं तं दातात येते!"

"रस्त्याची जाडीभरडी असते. ही तीनदा चाळली. अक्षर कसं उमटते पाय."

"बरं बाई," सुभद्रा म्हणाली आणि बादली उचलून गेली. थोड्या वेळाने विहिरीवर बायका हसल्याचा आवाज आला. मैनाबाईंनी धूळ चौथ्यांदा चाळली.

मंगळवारपर्यंत तयारी फार पुढे गेली. पोरे खाऊशिवाय बसणार नाहीत म्हणून संक्रांतीचा उरलेला तिळगूळ घेतला. तो पुरणार नाही म्हणून पायलीभर फुटाणे भाजले. फुटाण्याने पोट दुखेल म्हणून ओवा घेतला. ओव्याने कोणाच्या घशाशी आले तर लिंबाच्या लोणच्याची बरणी. सदरा फाटला तर सुई-दोरा, आणि सुई टोचली तर हळद. छडीही हवी होती, कारण छडी दिसल्याशिवाय पोरांना शाळा सुरू झाल्यासारखी वाटत नाही असे पंत म्हणाले होते. पण मारायचा धीर होईना, म्हणून मैनाबाईंनी छडीला चुकून लागू नये इतपत जाड चिंध्या गुंडाळल्या. ती छडी आता पेटीतल्या बाहुलीसारखी दिसू लागली.

शेवटी त्यांनी पेटी उघडून यजमानांचे पागोटे काढले.

"हे कोणासाठी?" सुभद्रेने विचारले.

"गुरुजींच्या बैठकीवर गाडगं ठेवायचं उपडं. त्याच्यावर हे. पोराईले वाटलं पाहिजे का खोलीत एक बाप्या हाय."

"गाडग्याचा बाप्या!"

"पागोट्याखाली काय हाय हे कोण पाह्यते गं? आजवर कोणी पायलं का?"

यावर सुभद्रा हसली ती भिंतीला धरूनच. पण मग तिनेच सासूला एक नवे गाडगे काढून दिले, कारण जुन्याचा कान तुटलेला होता आणि तो नेमका पागोट्याखालून दिसत होता.

दुपारी मैनाबाईंनी अंगणात हजेरी घेण्याची तालीम केली. समोर कोंबड्या होत्या. एकेक नाव वाचायचे आणि 'हजर' ऐकू येईपर्यंत थांबायचे, असे पंतांनी सांगितले होते. मैनाबाई थांबल्या. कोंबड्यांपैकी तीनच हजर होत्या, बाकीच्या उकिरड्यावर निघून गेल्या. 'असेच झाले तर काय करावे' म्हणून त्यांनी एका कागदावर मोडीत टिपून ठेवले: मुले पळाली तर काय. मुले रडली तर काय. मुले हसली तर काय. खाली जागा उरली होती तिथे लिहिले: मी रडले तर काय. हा कागद त्यांनी जपून सामानात सगळ्यात वर ठेवला.

सामान बांधायला पोते मिळेना. अकोल्यातली सगळी पोती कापसाला गेली होती. लोक घरच्या चादरीत, सोलापुरी पांघरुणात, जुन्या लुगड्यांत कापूस बांधून बाजारात नेत होते. मैनाबाईंनीही पांढरी चादर घेतली आणि सगळे तिच्यात घालून गाठ मारली. बोचके त्यांच्या कमरेइतके उंच झाले. चुकामूक होऊ नये म्हणून त्यांनी फडक्याचा बोळा शाईत बुडवून बोचक्याच्या दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरात लिहिले: शाळा. मग मागे सरून पाहिले. लांबूनही वाचता येत होते. इतके चोख काम बऱ्याच दिवसांत झाले नव्हते.

"आता हे नेणार कोण?" सुभद्रा म्हणाली. "चार गल्ल्या पलीकडं शाळा. तुमी शाळेत चालल्या का काशीले?"

नेण्याचीही व्यवस्था मैनाबाईंनी केली होती. वामनरावांचा गाडीवान नत्थुजी रोज सकाळी गाडीभर कापूस घेऊन नदीपलीकडच्या बाजारात जाई. वाटेत शाळा. त्याचा नातू भगवंता त्याच शाळेत होता. बुधवारी सकाळी त्याची गाडी दाराशी आली.

"नत्थुजी, हे बोचकं तेवढं शाळेच्या दारात उतरव."

"उतरवतो ना वयनी. तुमी काई फिकीर करू नका." नत्थुजीने बोचके गाडीत टाकले. गाडीत वामनरावांची दहा-बारा बोचकी होतीच, तीही पांढऱ्या चादरीत.

"यावर लिहेल हाय बरं का. शाळा. दोन्हीकडून."

"हो हो," नत्थुजी म्हणाला आणि बैलांना हाक मारून निघून गेला.

नत्थुजीला वाचता येत नव्हते. ही गोष्ट मैनाबाईंना वीस वर्षे ठाऊक होती, आणि दोन दिवसांच्या तयारीत तेवढी एकच त्यांच्या लक्षात आली नाही.

त्या शाळेत पोचल्या तेव्हा बोचके दारात होते. गाडी कधीच पुढे गेली होती. मुले जमली होती, एकोणीस. मैनाबाईंनी लोखंडाच्या पट्टीवर घंटा वाजवली आणि शाळा बसली. वामनराव नेहमीप्रमाणे डोकावले, मुले मोजली, मैनाबाईंकडे पाहून हसले.

"काकू, दोन प्रहरी परत येतो मी. चार हमाल सांगून ठेवले हायत."

"या की," मैनाबाई म्हणाल्या.

मुलांना यांना काय म्हणावे ते कळेना. गुरुजी म्हणावे तर लुगडे, आजी म्हणावे तर हजेरीचा कागद. शेवटी भगवंताने, जो सगळ्यांत लठ्ठ आणि म्हणून सगळ्यांत मानाचा होता, निकाल लावला. "गुरुजीआजी, बोचक्यात काय हाय?"

"सगळं हाय. आणा आत."

दोन पोरांनी बोचके उचलले. "गुरुजीआजी, हे तं लय हलकं हाय!"

"विद्या हलकीच असते उचलाले," मैनाबाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांना फार आवडले. संध्याकाळी लिहायचे ठरवले. मग त्यांनी गाठ सोडली.

चादर चारी बाजूंना पसरली आणि मधोमध सरकीसकट कापसाचा ढीग उभा राहिला.

मैनाबाईंनी ढिगात हात घातला. कापूस. खाली घातला. खालीही कापूस. कोपरापर्यंत घातला. ना बोरू, ना शाई, ना फुटाणे, ना पागोटे. चादर उलटी करून पाहिली. तिच्यावर एक अक्षर नव्हते. तेव्हा कुठे त्यांना नत्थुजी आठवला आणि त्या ढिगापुढेच मटकन बसल्या. डोळे भरून आले. अशा वेळी काय करायचे ते त्यांनी लिहून ठेवले होते, पण तो कागद बोचक्यात होता.

"खायाले हे हाय का?" भगवंताने विचारले.

मागची दोन पोरे दाराकडे सरकली. मग आणखी तीन. मैनाबाईंना दिसत होते. हात मात्र रिकामे राहायला शिकलेले नव्हते. पुढ्यात कापूस आला की ते आपोआप वात वळत. त्यांनी एक बोंड उचलले, सरकी काढून टाकली, तंतू लांबवले, तळहातावर हात फिरवला. वात झाली. ती शेणाने सारवलेल्या जमिनीवर उभी पडली.

"काना," कोणीतरी म्हणाले.

मैनाबाईंनी मान वर केली. मग दुसरी वात वळली आणि जरा वाकवून कान्याच्या अलीकडे ठेवली.

"रा!" तीन-चार पोरे ओरडली.

पुढचे अक्षर घालायला त्यांना तीन वाती लागल्या. काळपट जमिनीवर पांढरा शुभ्र 'राम' उमटला. दाराशी गेलेली पोरे वाचायला परत आली.

"आता तुमी काढा. आपापलं नाव."

"वाती बाया वळतात," भगवंता म्हणाला आणि हाताची घडी घातली.

"हो रे बापा. म्हूनच म्हणते, तुमाले नाई जमायचं. सुभद्रा घटकेत शंभर वळते. तू दोनही वळशील का नाई, शंका हाय."

भगवंताने हाताची घडी सोडली.

पुढचा पहर-दीड पहर त्या खोलीत जे चालले ते पंतांनी पाहिले असते तर मुलीचे लग्न विसरले असते. एकोणीस पोरे सरकी काढत होती, थुंकी लावून वाती वळत होती, आणि आपले नाव शेजाऱ्याच्या नावापेक्षा मोठे व्हावे म्हणून रेटारेटी करत होती. एकाची वात दोरीएवढी झाली, ती त्याने ऊकाराला वापरली. एकाचे नाव भिंतीला जाऊन अडले, तेव्हा उरलेले अक्षर त्याने भिंतीवर चिकटवले. काढलेल्या सरकीच्या दहा-दहाच्या राशी घालून मैनाबाईंनी पाढेही म्हणवून घेतले. सगळ्यांच्या नाकात, केसांत, कानांत कापूस गेला होता. भगवंताने वरच्या ओठावर पांढऱ्या मिशा लावल्या होत्या आणि त्या लावूनच तो बे चोक आठ म्हणत होता.

पण दोन प्रहर झाले आणि पोटे बोलू लागली.

"गुरुजीआजी, आमी घरी जेवून येतो."

घरी गेलेले पोर परत येत नाही. घरचे त्याला वेचणीला लावतात. एकजण उठला तसे सगळे उठले. भिंतीच्या कडेकडेने, नावे न मोडता, रांग दाराकडे निघाली. पहिला पोरगा उंबऱ्याशी पोचला आणि तिथेच थबकला. दारात वामनराव उभे होते. मागे चार हमाल, त्यांच्या डोक्यावर चार बोचकी. त्यांच्याही मागे नत्थुजी, आणि त्याच्या हातात 'शाळा' लिहिलेले बोचके.

"मैनाकाकू!" वामनराव गरजले. "माह्या कापसात लोणचं निघालं!"

पहिला पोरगा उंबऱ्यापासून मागे सरला.

"आम्ही पन्नास माणसांत उभे. खरेदीदारानं वानगी काढाले बोचक्यात हात घातला. हात बाहेर आला तं त्याच्यावर लिंबाची फोड! तरी तो बिचारा काई बोलला नाई. रुमालाखाली दलालानं त्याची बोटं धरली भाव सांगाले, तं तेलानं सटासट घसरून राहिली. दलालाले चारही बोटं लागेनात. एकाच्या हाती एक भाव, दुसऱ्याच्या हाती दुसरा!"

"अन् मंग पागोटं," नत्थुजी मागून म्हणाला.

"तू चूप बैस! हो, मंग पागोटं. त्यानं दुसऱ्यांदा हात घातला अन् ओढलं तं पागोट्यासकट डोकं वर आलं. मानूस हाय मानूस हाय म्हून जो बोंबलत सुटला, तो नदीपर्यंत गेला. अर्धा बाजार त्याच्या मागं. ते डोकं गाडगं हाय हे कळेपर्यंत शिपाईही पळाला होता."

"गाडगं फुटलं का?" मैनाबाईंनी विचारले. नवे होते.

"काकू!"

"वयनी, माही चूक," नत्थुजी पुढे आला. "गाडीत सगळी बोचकी सारखीच. एकाले काळं लागलं होतं. म्या म्हटलं, हा डागी कापूस दिसते, शाळेत कसा द्यावा? म्हून तुमाले चांगलं पाहून दिलं."

मैनाबाईंनी कपाळावर हात मारला. मुलांना मात्र पुढचे काही ऐकू आले नव्हते. फुटाण्यांचा वास त्यांना आला होता. भगवंताने आजोबांच्या हातातून बोचके घेतले, आणि दाराकडे आलेली सगळी रांग बोचक्यामागून कडेकडेने परत आत गेली.

वामनराव मिशीतल्या मिशीत हसले. "बरं. झालं ते झालं. माहा कापूस कुठं हाय?"

"इथंच हाय की."

"आत हाय ना? म्हंजे खोलीत कापूस आला. म्हंजे ही वखार झाली." ते हमालांकडे वळले. "चला, टाका आत."

पहिल्या हमालाने पाय उचलला आणि खाली पाहिले. "मालक, खाली वाती हायत."

"मंग?"

"देवाच्या वाती. त्याईवर पाय कसा द्यावा?"

"देवाच्या नाईत त्या, बाराखडीच्या हायत."

"मंग तं आणखीच," दुसरा हमाल म्हणाला. "माह्या पोरीचा पाय पाटीले लागला तं तिनं सातदा पाया पडून घेतलं होतं."

तिसऱ्याने आणि चौथ्याने बोचकी गल्लीतच उतरवली आणि त्यांच्यावर बसले.

"नत्थुजी, तू टाक."

नत्थुजी उंबऱ्यापाशी वाकला. आतल्या एका मोठ्या नावाकडे बोट करून म्हणाला, "वयनी, हे काय लिहेल हाय?"

"भगवंता. तुह्या नातवाचं नाव. त्यानंच काढलं."

नत्थुजी बराच वेळ वाकूनच राहिला. "एवढं मोठं?" तो म्हणाला. मग पायातले जोडे काढले, आणि तोही हमालांशेजारी जाऊन बसला.

"सगळेच बसा!" वामनराव ओरडले. "मीच नेतो. माही खोली, माहा कापूस, माहे पाय!" त्यांनी एक बोचके उचलून डोक्यावर घेतले.

मैनाबाईंच्या हातात अजून थोडा कापूस होता. उंबऱ्याच्या आत हातभर जागा मोकळी होती. तेवढी एकच. त्यांनी मोठ्या पोरांना हाक मारली. "इकडे या रे. आणखी एक नाव राह्यलं. लवकर, वळा वाती." आणि त्या सांगत गेल्या तशी पोरांनी फुटाणे चघळत चघळत पाच अक्षरे मांडली.

वामनरावांना वाचायला फारसे येत नव्हते. लहानपणी याच गल्लीत छडी खाऊन त्यांनी शाळा सोडली होती. पण घरच्या कागदांवर, शेताच्या दस्तांवर, सगळीकडे तळाला एक नाव असे, आणि तेवढे त्यांना डोळे मिटूनही ओळखता आले असते. त्यांनी उजवा पाय उंबऱ्यावरून आत उचलला, खाली पाहिले, आणि पाय तसाच अधांतरी राहिला.

किसनराव.

डोक्यावर बोचके, एक पाय हवेत. तोंडात फुटाणे घेऊन एकोणीस पोरे पाहत होती.

"काकू," वामनराव हळू आवाजात म्हणाले, "हे तुमी बरं नाई केलं."

"म्या कुठं केलं? पोराईनं केलं. ज्यानं खोली दिली त्याचं नाव त्याईले लिहिता नको यायले?"

वामनराव डुलू लागले. नत्थुजीने धावत येऊन त्यांना मागून धरले, नाही तर ते वडिलांच्या नावावर बोचक्यासकट पडले असते. पाय मागे घेतला तो त्यांनी गल्लीतच ठेवला. मग बोचके खाली ठेवून त्यावर बसले. भगवंताने मिशा न काढताच त्यांना तिळगूळ नेऊन दिला. तो त्यांनी घेतला. थोड्या वेळाने आत मान घालून म्हणाले, "त्या 'न'ची वात वाकडी झाली. सरळ करा. वडील वाकडे नव्हते."

पोरांनी ती सरळ केली.

गुरे घरी येईपर्यंत कोणी हलले नाही. आत एकोणीस, बाहेर सहा. मैनाबाईंनी बोरू आणि शाई काढून एकेका पोराला मोडीचे वळण दाखवले. एकोणीस बोरूंपैकी सात खरोखरच मोडले. गाईंच्या घंटा गल्लीच्या टोकाशी ऐकू आल्या तेव्हा वामनराव उठले आणि धोतर झटकले.

"भरली म्हणायची आज शाळा," ते म्हणाले. शब्दाचे पक्के होते. "पण पंत आले नाईत अजून. आताच बाळापूरहून गाडीवाल्यानं निरोप आणला. मुलाकडच्याईनं आग्रह करून ठेवून घेतलं. उद्या रात्री येतील." आणि जाता जाता वळून हसले. "उद्या कापूस कुठून आणसान, काकू?"

मैनाबाईंच्या पोटात या वेळी गोळा उठला नाही, याचे त्यांना नवल वाटले. त्या घरी आल्या तेव्हा सुभद्रा दारात वाटच पाहत होती. विहिरीवर सगळी हकीकत त्यांच्या आधी पोचली होती, जरा जास्तच होऊन.

"आत्याबाई, मालक खरंच एका पायावर दिवसभर उभे होते?"

"दिवसभर नाई गं. घटकाभर."

"बाया तं म्हणतात, दोन्ही पाय हवेत होते." सुभद्रेने सासूच्या केसांतला कापूस काढायला घेतला. "उद्याबी जाणार ना? काय काय न्यायचं ते सांगा. मी बांधते."

मैनाबाईंनी विचार केला. "काई नाई," त्या म्हणाल्या. "फुटाणे तेवढे भाज."

दिवा लागल्यावर त्या बोरू घेऊन बसल्या. हजर मुले, मोडलेले बोरू, कोणाचे नाव किती हात लांब झाले, सगळे लिहिले. 'विद्या हलकीच असते उचलाले' हे लिहिले आणि खोडले. पान भरत आले तेव्हा शेवटची ओळ लिहिली: रात्री वांग्याची भाजी, भाकरी. डाळ भिजत घातली नाही. उद्या स्वयंपाकाला वेळ नाही, सूनबाई पिठले टाकील.